मुलतानी माती ते सिरॅमिक बटन : क्लच निवडण्याची सव्वाशे वर्षं

 

आजच्या भागाची सुरुवात एका प्रश्नाने करतो. हैदराबादच्या एका प्रेक्षकाने विचारलंय : "सेकंडहँड स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतली. पाच गिअरची मॅन्युअल, १.८ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. रिमॅप करून घेतला. आता चौथ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दिला की आरपीएमचा काटा उडी मारतो, पण गाडी तेवढी पळत नाही. गॅरेजवाला म्हणतो क्लच गेला, स्टेज थ्री टाका. टाकू का?"

एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण बंगळूरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने असंच एका ओळीचं उत्तर ऐकून क्लच टाकला होता. सिरॅमिक बटनांचा. शनिवारी पहाटे नंदी हिल्सच्या रस्त्यावर गाडी झकास. सोमवारी सकाळी आउटर रिंग रोडवर मात्र प्रत्येक सिग्नलला गाडी बेडकासारखी उडी मारायची नाहीतर बंद पडायची. डाव्या गुडघ्याला क्रेप बँडेज बांधून तो ऑफिसला जाऊ लागला. दोन महिन्यांत दुसऱ्यांदा गिअरबॉक्स खाली उतरवला, दुसऱ्यांदा मजुरी दिली. पार्ट खराब नव्हता. त्याच्या आयुष्याला तो पार्ट जुळत नव्हता, एवढंच.

म्हणून आधी इतिहास बघू. क्लचच्या इतिहासात "सगळ्यात चांगला क्लच" असं काही सापडत नाही. सापडतो तो एक सौदा. पकड वाढवायची तर काहीतरी सोडावं लागतं. ते काय सोडायचं, हे दर पिढीने आपापलं ठरवलं.

पिठाच्या गिरणीतला क्लच

पेट्रोल इंजिनाची एक जन्मजात अडचण आहे. वाफेचं इंजिन उभ्या जागेवरून जोर लावू शकतं, पेट्रोलचं शून्य आरपीएमला बंदच पडतं. म्हणजे इंजिन फिरतंय आणि चाकं थांबलीयत, अशी अवस्था हवी. आणि त्या अवस्थेतून हळूहळू दोघांना एका वेगावर आणणारं काहीतरी हवं.

१८८६ मध्ये कार्ल बेन्झ यांनी पेटंट घेतलेल्या तीनचाकीत हे काम चामड्याचा पट्टा करायचा. तुमच्यापैकी ज्यांनी गावातली जुनी पिठाची गिरणी पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. एक पुली शाफ्टवर सैल, शेजारची घट्ट. पट्टा सैल पुलीवर असेल तर जातं थांबलेलं, घट्ट पुलीवर सरकवला की जातं सुरू. बेन्झ यांचा क्लच म्हणजे नेमकं हेच.

१८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला निघाल्या, शंभरेक किलोमीटर. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या गावात मोच्याकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेकच्या अस्तराची गोष्ट अशी रस्त्यावर सुरू झाली. ब्रेकचं आणि क्लचचं अस्तर तेव्हापासून एकाच घराण्यातलं.

चामडं, एरंडेल आणि मुलतानी माती

गाड्या जड झाल्या तसा पट्टा घसरू लागला आणि कोन क्लच आला. फ्लायव्हीलच्या आतल्या बाजूला शंकूच्या आकाराची खोबण, त्यात चामडं लावलेला दुसरा शंकू, मागून स्प्रिंग. पाचर जशी लाकडात रुतते तसा शंकू रुततो, त्यामुळे थोड्या दाबातही पकड भरपूर. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्टमध्ये कोन क्लच होता, १९२० च्या दशकातल्या बेंटलीच्या दणकट स्पोर्ट्स गाड्यांतही होता.

पण पाचर रुतली की सुटता सुटत नाही. चामडं कोरडं पडलं की क्लच एकदम झडप घालायचा आणि गाडी हिसका देऊन निघायची. मग ड्रायव्हर चामड्याला एरंडेल नाहीतर जनावरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं तेल चोळायचे. तेल जास्त झालं की क्लच घसरायचा. घसरला की त्यावर चिमूटभर 'फुलर्स अर्थ' भुरभुरवायची. ही फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती! आपल्या घरात जी चेहऱ्यावरचं तेल शोषायला वापरतात, तीच तिकडे क्लचवरचं तेल शोषायला वापरत.

हसू येतं खरं, पण हैदराबादच्या प्रश्नाचं मूळ इथेच आहे. पकड कमी तर घसरतो, जास्त तर झडप घालतो. मधली जागा अरुंद.

बशांची चळत

दुसरा रस्ता अभियंत्यांनी काढला तो बशा वाढवण्याचा. प्राध्यापक हेन्री हेले-शॉ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलात बुडालेल्या अनेक धातूच्या बशांचा क्लच लोकप्रिय केला. एका मोठ्या पृष्ठभागाऐवजी अनेक लहान पृष्ठभाग. बुगाटीने हाच मार्ग धरला होता. पकड गुळगुळीत, पण थंडीत तेल घट्ट झालं की बशा एकमेकींना चिकटून राहायच्या आणि गिअर टाकताना कडकडाट व्हायचा.

हा क्लच मेला नाही बरं का. तुमच्या मोटरसायकलमध्ये आजही तोच आहे, तेलात बुडालेला, अनेक प्लेटांचा. आणि रेसिंग गाड्यांतला ट्विन प्लेट क्लच, ज्याची जाहिरात आज 'लेटेस्ट टेक्नॉलॉजी' म्हणून होते, तो याच कल्पनेचा कोरडा नातू.

बुटाचं चामडं आणि जीवघेणा धागा

कारमध्ये शेवटी जिंकली ती एकच कोरडी प्लेट. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी अस्तर लावलेली एक तबकडी. फ्रान्सच्या द दियों-बुतों कंपनीने हा प्रकार सुरुवातीच्या काळातच वापरला होता. रचना साधी, हलकी. अडचण एकच : उष्णता सहन करणारं अस्तर कुठून आणायचं?

इथे इंग्लंडमधले हर्बर्ट फ्रूड येतात. डर्बीशायरच्या डोंगराळ भागात गाडीवान लोक उतारावर चाकाला जुना बूट लावून गाडी रोखायचे, ते पाहून त्यांना अस्तराची कल्पना सुचली असं सांगतात. १८९७ मध्ये त्यांनी काम सुरू केलं. आडनावाची अक्षरं उलटसुलट करून त्यात एक अक्षर घातलं आणि नाव झालं 'फेरोडो'. आधी सुती कापडाला राळ पाजलेली अस्तरं होती, ती तापली की जळायची. १९०८ मध्ये त्यांनी अ‍ॅसबेस्टॉसचा धागा वापरला. न जळणारा, घट्ट विणता येणारा, स्वस्त. पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जगातले बहुतेक क्लच आणि ब्रेक अ‍ॅसबेस्टॉसवर चालले.

या धाग्याची किंमत कोणी मोजली तेही सांगायला हवं. लँकशायरमधल्या रॉचडेल इथे नेली केरशॉ नावाची बाई अ‍ॅसबेस्टॉसच्या गिरणीत सूत काढायची. १९२४ मध्ये, वयाच्या ३३ व्या वर्षी, ती वारली. तिच्या फुप्फुसात अ‍ॅसबेस्टॉसचे कण सापडले आणि डॉक्टर कुक यांनी तिची केस ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली. कंपनीने जबाबदारी नाकारली. १९३० मध्ये सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनमध्ये नियम आले. तरी युरोपीय संघात अ‍ॅसबेस्टॉसवर पूर्ण बंदी लागू व्हायला २००५ साल उजाडलं.

आपल्याकडे मिस्त्री आजही बेल हाउसिंग उघडली की कॉम्प्रेसरच्या हवेने काळी भुकटी उडवतात. शेजारी चहाचा ग्लास ठेवलेला असतो. जुनी गाडी असेल, प्लेटला कुठल्यातरी दुकानात नवं फेसिंग मारलेलं असेल, तर त्या भुकटीत काय आहे हे कोणीच सांगू शकत नाही. ओलं फडकं वापरा, मास्क लावा. आणि नवा क्लच घेताना डब्यावर 'अ‍ॅसबेस्टॉसमुक्त' लिहिलंय का ते बघा. कामाला असलेल्या पोरासाठी तरी बघा.

स्प्रिंगांची जागा थाळीने घेतली

१९२० च्या दशकापासून अमेरिकेत बोर्ग अँड बेक कंपनीचा एका प्लेटचा क्लच पसरला. ही कंपनी १९२८ मध्ये बोर्ग-वॉर्नरमध्ये विलीन झाली. प्रेशर प्लेटमागे गोलाकार मांडलेल्या गुंडाळीच्या स्प्रिंगा. अ‍ॅम्बॅसेडरच्या काळातल्या ड्रायव्हरांचा डावा पाय ज्याने घडवला, तो याच जातीचा क्लच.

या स्प्रिंगांचं वागणं सरळ होतं : दाबाल तेवढ्या जड. अस्तर झिजलं की स्प्रिंग मोकळी होते आणि पकड कमी होते, म्हणजे नेमकी नको तेव्हा. यावर उत्तर आलं डायफ्रॅम स्प्रिंगचं. किंचित फुगीर पोलादी थाळी, मध्ये बोटांसारख्या चिरा. ही थाळी दाबत गेलात की एका टप्प्यानंतर विरोध कमी होतो. स्टीलचं झाकण 'टक' करून आत जातं तसं. त्यामुळे पेडल पूर्ण दाबल्यावर हलकं लागतं, आणि अस्तर झिजताना पकड लगेच उतरत नाही. जनरल मोटर्सने ही कल्पना आधी विकसित केली. युरोपात १९६५ साली जर्मनीच्या ब्यूल गावात सुरू झालेल्या लुक कंपनीने ती घराघरांतल्या गाड्यांत नेली. आज लुकचा कारखाना तामिळनाडूत होसूरला आहे आणि जपानी एक्सेडीचा आपल्या छत्रपती संभाजीनगरला. आपल्या रस्त्यांवरच्या मॅन्युअल गाडीचं पेडल मऊ लागतं, ते या थाळीमुळे.

१९८५ च्या सुमारास जर्मनीत आणखी एक गोष्ट आली, ड्युअल मास फ्लायव्हील. फ्लायव्हीलचे दोन भाग, मध्ये लांब स्प्रिंगा. इंजिनाची थरथर गिअरबॉक्सपर्यंत पोचतच नाही. महाग असतं, झिजतं, पण गाडीला सभ्य बनवतं.

दुकानातला क्लच

कंपनीच्या क्लचने भागत नाही म्हणणारी पहिली मोठी जमात म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरची कॅलिफोर्नियातली हॉट रॉडवाली पोरं. जुन्या गाड्यांत मोठी इंजिनं बसवायची आणि सरळ रेषेत पळवायची. क्लच, फ्लायव्हील, मॅनिफोल्ड बनवणाऱ्या लहान लहान दुकानांचा तिथे उद्योग झाला. १९६३ मध्ये त्यांनी आपली संघटनाही काढली, सेमा.

संघटनेच्या कामातला एक महत्त्वाचा भाग सुरक्षेचा होता, आणि त्याला कारण होतं. बिडाचं फ्लायव्हील ७,००० आरपीएमला फिरतंय असं धरा, व्यास २८ सेंटिमीटर. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो, ताशी ३७० किलोमीटरच्या आसपास. असं फ्लायव्हील तडकलं तर तुकडे फरशी फोडून ड्रायव्हरच्या पायात घुसतात, आणि ड्रॅग स्ट्रिपवर तसं घडलं. म्हणून पोलादी 'स्कॅटरशील्ड' आलं, आणि पुढे क्लच-फ्लायव्हीलच्या चाचणीचं एसएफआय १.१ हे प्रमाणपत्र. आजही जास्त आरपीएमच्या गाडीसाठी क्लच किंवा हलकं फ्लायव्हील घेताना हा शिक्का बघायचा असतो. आपल्याकडे जुनं फ्लायव्हील लेथवर तिसऱ्यांदा फेस मारून परत बसवतात, त्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

चार दारं

आता हिशोब. क्लच किती टॉर्क पेलतो हे चार गोष्टींच्या गुणाकाराने ठरतं : घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या, अस्तराचा घर्षणांक, प्रेशर प्लेटचा दाब, आणि प्लेटची सरासरी त्रिज्या. पाचवी गोष्ट नाही.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ. एका प्लेटचे पृष्ठभाग २, घर्षणांक ०.२७, दाब ५,००० न्यूटन, सरासरी त्रिज्या ९.५ सेंटिमीटर. गुणाकार येतो सुमारे २५६ न्यूटन मीटर. भारतात आलेल्या ऑक्टाव्हिया आरएसचं इंजिन १५० अश्वशक्ती आणि २१० न्यूटन मीटरचं. म्हणजे वीसेक टक्के शिल्लक. कंपन्या साधारण एवढीच शिल्लक ठेवतात. रिमॅपनंतर याच इंजिनाचा टॉर्क २८०-३०० पर्यंत जातो. मग क्लच घसरणारच. त्याचा दोष नाही, आपण त्याला कबूल केल्यापेक्षा जास्त काम दिलंय.

आता चार दारांपैकी एक उघडायचं.

पहिलं दार, दाब. प्रेशर प्लेट ३० टक्के कडक घेतली, अस्तर तेच ऑरगॅनिक ठेवलं, तर २५६ चे ३३३ होतात. क्लच जोडला जातो तसाच मऊ. किंमत मोजतो डावा पाय, आणि रिलीज बेअरिंग, फोर्क, क्रँकचे थ्रस्ट वॉशर.

दुसरं दार, घर्षणांक. सिरॅमिक किंवा सिंटर्ड बटनं. ०.२७ चे ०.३६ झाले तर ३४२. पेडल हलकंच राहतं, उष्णता खूप सोसतं. पण साध्या प्लेटमध्ये दोन अस्तरांच्या मध्ये लाटदार पातळ पट्ट्या असतात, त्या चेपत चेपत पकड हळूहळू बसवतात. बटनांच्या प्लेटमध्ये ही उशी बहुधा नसते. म्हणून हाफ क्लच नावाची जागाच उरत नाही. ट्रॅक्टरला बटनवाली प्लेट चालते, कारण शेतात सिग्नल नसतो. माझ्या मावसभावाला हे दार विकलं गेलं होतं.

तिसरं दार, पृष्ठभाग. दोन प्लेटा, पृष्ठभाग ४, क्षमता दुप्पट. पेडल हलकं, पकड प्रचंड. पण महाग, खडखड आवाज करणारा, आणि ३०० न्यूटन मीटरला गरज नसलेला.

चौथं दार, त्रिज्या. त्याच घराण्यातली मोठी प्लेट बसते का बघणं. फोक्सवागन गटाच्या याच पाच गिअरच्या गाड्यांसाठी युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांनी फार पूर्वीच एक जोडी शोधली : जी-६० गाडीचं एकसंध फ्लायव्हील आणि व्हीआर-६ चा २२८ मिलिमीटरचा क्लच. दोन्ही भाग कंपनीचेच, फक्त मोठ्या भावंडाचे. किंमत म्हणून ड्युअल मासची सभ्यता जाते आणि न्यूट्रलला गिअरबॉक्स खुळखुळतो.

'स्टेज वन, टू, थ्री' या शब्दांना कुठलंही सार्वत्रिक मोजमाप नाही. एकाचा स्टेज टू दुसऱ्याचा स्टेज थ्री असतो. विक्रेत्याला स्टेज विचारूच नका. विचारा : किती न्यूटन मीटर, कुठलं अस्तर, प्लेटच्या मध्यभागी स्प्रिंगा आहेत की नाहीत, बदललेली प्रेशर प्लेट किती टक्के कडक.

हैदराबादला उत्तर

तर दादा, तुमच्यासाठी. आधी घसरतोय का आणि का घसरतोय ते पक्कं करा. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल प्लेटवर येत असेल तर कुठलाही स्टेज उपयोगाचा नाही. एरंडेल लावलेलं चामडं आठवा.

मग आकडा मिळवा, आणि तो टॉर्कचा. अश्वशक्तीने क्लच घसरत नाही, टॉर्कने घसरतो. डायनोचा कागद नसेल तर रिमॅप करणाऱ्याकडून मागा. त्यावर दहा-वीस टक्के धरा, पन्नास नको.

मग आठवड्याचा हिशोब करा. पाच दिवस गच्चीबावलीचं ट्रॅफिक आणि एक दिवस मोकळा हायवे असेल, तर तुमचं दार पहिलं किंवा चौथं : कडक प्रेशर प्लेट नाहीतर मोठी प्लेट, ऑरगॅनिक अस्तर, मध्ये स्प्रिंगा असलेली. बटनं ट्रॅकवाल्यांना लखलाभ.

गिअरबॉक्स एकदाच उतरवा. रिलीज बेअरिंग, फोर्क, मागची सील, फ्लायव्हीलचे बोल्ट, सगळं त्याच वेळी. बसवल्यावर साधारण ८०० किलोमीटर शहरात सौम्य चालवा, अस्तराला फ्लायव्हीलशी ओळख करून घेऊ द्या. विम्याचं आणि कायद्याचंही बघून घ्या. गाडीच्या मूळ तपशिलात बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने मर्यादा घातल्या आहेत.

आणि शेवटची गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. घसरणारा क्लच म्हणजे घरातला फ्यूज. तो जळतो म्हणून पुढचं वाचतं. तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये डिफरन्शियलचे रिव्हेट ही जुनी, सगळ्यांना माहीत असलेली कमजोर जागा आहे. कधीच न घसरणारा क्लच टाकलात तर पहिला फटका तिथे बसेल, आणि रिव्हेट सुटून आवरण फोडून बाहेर आला तर क्लचच्या किमतीत सुटका नाही. साखळीत एक कडी कमजोर राहणारच. ती स्वस्तातली आणि बदलता येणारी असावी, एवढं आपल्या हातात आहे.

मावसभावाने अखेर ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट घेतली. गुडघ्याचं बँडेज सुटलं. सिरॅमिकची प्लेट त्याने विकली नाही, टेबलावर चहाच्या कपाखाली ठेवलीय. घरी आलेला कोणी गाडीत काय टाकू म्हणून विचारायला लागला, की तो आधी कप उचलतो.

पुढच्या भागात रेडिएटरकडे वळू. तोवर हाफ क्लचवर चढावर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक असतो त्यासाठी. भेटू या!